शब्दचर्चा: ‘सीरियलाइझ’, ‘नेस्टेड’ आणि ‘रिलेटेड’ला काय म्हणावं?

तापीकाठ
रावेर-यावल भागातल्या शिकाऊ मुलांसाठी जँगो रेस्ट फ्रेमवर्कवर (पायथॉनमध्ये वेब एपीआय बनवायचं साधन) मराठीत टिपण लिहितो आहे. उदाहरण केळीचंच घेतलंय. तीन तक्ते: शेतकरी, बाग, कटाई. एका शेतकऱ्याच्या अनेक बागा, एका बागेखाली कटाईच्या अनेक नोंदी. बाग मागितली की शेतकरी आणि कटाई दोन्ही सोबत जेसनमध्ये, म्हणजे प्रोग्रामांना वाचता येणाऱ्या मजकुरात, यावेत. ‘सीरियलाइझ’ला ‘क्रमिकीकरण’ चालेल का? ‘नेस्टेड’ला मसुद्यात ‘घरटीबद्ध’ असं पडलंय, त्यावरही बोला.

पांझराकाठ
घरटीबद्ध नको जिभाऊ, पोरं पाखरं शोधत बसतील. मराठीत ‘पोट’ आहे की. पोटकलम, पोटनियम, पोटभाडेकरू, सातबाऱ्यावरचा पोटहिस्सा. नोंदीच्या आत नोंद ती ‘पोटनोंद’. फील्डला ‘क्षेत्र’ लिहू नका, शेतीच्या उदाहरणात तर मुळीच नको, तिथे क्षेत्र हेक्टरात येतं. ‘रकाना’ लिहा.

गिरणाथडी
पोटनोंद उत्तम. ‘क्रमिकीकरण’ मात्र कुणी बोलणार नाही, आणि अडचण शब्दापेक्षा अर्थाची आहे. ‘डेटा सीरियलाइझ होत नाहीये’ या एका वाक्याखाली पोरं तीन वेगळी कामं एकत्र करतात.

पहिलं काम: संबंधित नोंदी डेटाबेसमधून आणणं. दुसरं: त्या ऑब्जेक्टचे साधे डिक्शनरी आणि लिस्ट करणं, म्हणजे कोणता रकाना घ्यायचा, नातं कुठवर उलगडायचं ते ठरवणं. तिसरं: त्या डिक्शनरीचा जेसन मजकूर लिहिणं. रेस्ट फ्रेमवर्कमध्ये सीरियलायझर फक्त दुसरं करतो, तिसरं रेंडररकडे असतं. पायथॉनच्या जेसन मॉड्यूलमध्ये मात्र ‘सीरियलाइझ’ म्हणजे तिसरं काम. जेसन.डम्प्सला थेट मॉडेलचा ऑब्जेक्ट दिला की ‘जेसन सीरियलायझेबल नाही’ असा टाइपएरर येतो तो याच अर्थाने.

म्हणून माझं मत: सीरियलायझर हे क्लासचं नाव आहे, तसंच ठेवा. तीन कामांना ‘आणणं’, ‘उलगडणं’, ‘लिहिणं’ अशी साधी क्रियापदं वापरा. चूक कुठे आहे ते वाक्यातच कळतं.

सातपुडा
‘उलगडणं’ पटलं. पण सगळी नाती उलगडत नाहीत. नुसता आयडी पाठवला तर काय म्हणायचं?

गिरणाथडी
‘निर्देश’. मॉडेलसीरियलायझरमध्ये फॉरेन की (दुसऱ्या तक्त्यातल्या नोंदीकडे बोट दाखवणारा रकाना) मूळ वागणुकीत निर्देशच देते: शेतकरी: 17. नाव हवं असेल तर स्लगरिलेटेडफील्ड. स्ट्रिंगरिलेटेडफील्ड मॉडेलच्या स्ट्र मेथडमधून मजकूर घेतं. त्या मेथडने आणखी एखाद्या नात्याला हात लावला की दर नोंदीमागे लपलेली क्वेरी (डेटाबेसला विचारणा) सुरू. आणि अख्खी पोटनोंद हवी असेल तर वेगळा सीरियलायझर लिहून तो रकाना म्हणून बसवायचा, अनेक असतील तर मेनी=ट्रू.

उलट्या बाजूचं नातं, म्हणजे बागेतून कटाईकडे जाणारं, आपोआप येत नाही. फील्ड्समध्ये ‘__ऑल__’ लिहिलं तरी नाही. त्याचं नाव हाताने घालावं लागतं. मॉडेलमधल्या फॉरेन कीला रिलेटेड_नेम दिलं असेल तर ते नाव, नसेल तर ‘कटाई_सेट’.

तापीकाठ
मी सीरियलायझरच्या मेटामध्ये डेप्थ = 1 दिलंय, म्हणजे नाती एक पातळी उलगडायची. ‘खोली’ म्हणू का?

पांझराकाठ
खोली चालेल, पण टिपणात पोरांना ती खोलीच देऊ नका! तो पर्याय समोरच्या तक्त्याचे सगळे रकाने उलगडतो. शेतकऱ्याचा मोबाइल आणि बँक खातं बागेच्या यादीतून बाहेर पडतं. शिवाय डेप्थने तयार झालेली पोटनोंद फक्त वाचण्यापुरती असते. नवीन बाग पोस्ट करताना ‘शेतकरी: 17’ पाठवलं तर ते गुपचूप गाळलं जातं, तपासणी पास होते आणि सेव्ह करताना डेटाबेस नॉट नलची इंटिग्रिटीएरर फेकतो. पोरगा तासभर पोस्टमनमध्ये (एपीआय तपासायचं अ‍ॅप) खोदत बसतो, चूक असते सीरियलायझरमध्ये.

दोन रकाने करा. वाचायला ‘शेतकरी’ ही पोटनोंद, रीड_ओन्ली=ट्रू. लिहायला ‘शेतकरी_आयडी’ हे प्रायमरीकीरिलेटेडफील्ड: सोर्स ‘शेतकरी’, राइट_ओन्ली=ट्रू आणि क्वेरीसेट दिलेला.

सातपुडा
बाग आणि तिच्या कटाईच्या नोंदी एकाच पोस्टमध्ये लिहायच्या असतील तर?

गिरणाथडी
फ्रेमवर्क ते स्वतः करत नाही, क्रिएट मेथड लिहिली नसेल तर असर्शनएरर देऊन थांबतं. व्हॅलिडेटेड_डेटामधून कटाईची लिस्ट पॉप करा, आधी बाग तयार करा, मग ती बाग जोडून एकेक कटाई. हे सगळं ट्रान्झॅक्शन.अ‍ॅटॉमिकच्या आत, नाहीतर तिसऱ्या कटाईवर गाडी अडली की बाग आणि दोन कटाया तशाच मागे राहतात.

अपडेट जास्त अवघड. पोटनोंदीचा आयडी मॉडेलसीरियलायझर वाचण्यापुरता धरतो, त्यामुळे तो व्हॅलिडेटेड_डेटामध्ये पोहोचतच नाही आणि जुनी कटाई कोणती, नवी कोणती ते कळत नाही. आयडी = इंटिजरफील्ड(रिक्वायर्ड=फॉल्स) असं स्वतः घोषित करावं लागतं. मग तो आयडी याच बागेचा आहे ना हेही तपासा. नाहीतर दुसऱ्याच्या बागेची कटाई कुणीही बदलेल.

तापीकाठ
‘एन प्लस वन’ला, म्हणजे एका यादीसाठी दर नोंदीमागे वेगळी क्वेरी जाते त्याला, शब्द आहे का?

पांझराकाठ
‘फुटकळ क्वेऱ्या’ म्हणा, किंवा शब्दाऐवजी हिशोब दाखवा. 40 बागांची यादी: बागांची 1 क्वेरी, प्रत्येक बागेच्या शेतकऱ्यासाठी 1, कटाईसाठी 1. एकूण 81. एका क्विंटलसाठी दर केळीमागे एक खेप केल्यासारखं. व्ह्यूच्या क्वेरीसेटवर सिलेक्ट_रिलेटेड(‘शेतकरी’) आणि प्रीफेच_रिलेटेड(‘कटाई_सेट’) लावलं की 2. पहिलं जॉइन करतं, फॉरेन की आणि वन-टू-वनसाठी. दुसरं वेगळी क्वेरी करून पायथॉनमध्ये जुळवतं, अनेक असलेल्या बाजूसाठी. एकाला ‘जोडून आणणं’, दुसऱ्याला ‘आधी आणून ठेवणं’ म्हणता येईल.

गिरणाथडी
एक पुरवणी. आधी आणून ठेवलेल्या कटाईवर सीरियलायझरमेथडफील्डमध्ये फिल्टर लावला की आणलेलं वाया जातं, दर बागेला पुन्हा क्वेरी. या हंगामापुरत्याच नोंदी हव्या असतील तर प्रीफेच ऑब्जेक्टला फिल्टर केलेला क्वेरीसेट आणि टू_अ‍ॅट्र द्या, सीरियलायझरचा सोर्स त्या नावाकडे वळवा. आणि अंदाज नको: टेस्टमध्ये असर्टनमक्वेरीज लिहा. उद्या कुणी नवी पोटनोंद घातली तर टेस्ट लगेच लाल होईल.

सातपुडा
आम्ही जँगोऐवजी फास्टएपीआय आणि डेटाबेससाठी एसक्यूएल-अल्केमी वापरतो. तिथे हेच शब्द लागू होतील?

गिरणाथडी
लागू, आणि फरक जास्त ठळक दिसतो. तिथे उलगडायचं काम पायडॅन्टिक करतं. पायडॅन्टिक 2 मध्ये फ्रॉम_अ‍ॅट्रिब्यूट्स=ट्रू दिलं की उलगडणं सुरू, पण नातं आणलेलं नसेल तर वाचताक्षणी ते आणायला जातं. सेशन (डेटाबेसशी चाललेलं काम) बंद झालेलं असेल तर डिटॅच्डइन्स्टन्सएरर, असिंक सेशन असेल तर मिसिंगग्रीनलेट. चूक उलगडताना दिसते, दुरुस्ती आणण्याच्या टप्प्यावर: सिलेक्टइनलोड किंवा जॉइन्डलोड. शेतकऱ्याच्या पोटात बागा आणि बागेच्या पोटात पुन्हा शेतकरी असे स्कीमा मात्र करू नका, बागेतल्या शेतकऱ्यासाठी आखूड वेगळा स्कीमा ठेवा.

तापीकाठ
ठरलं: पोटनोंद, निर्देश, आणणं-उलगडणं-लिहिणं. शेवटची शंका. दर डेसिमलफील्ड आहे, तो जेसनमध्ये अवतरणात येतोय.

पांझराकाठ
मूळ सेटिंगच तसं आहे, पैशांचे दशांश फ्लोटमध्ये बिघडू नयेत म्हणून. आकडा म्हणूनच हवा असेल तर कोअर्स_डेसिमल_टू_स्ट्रिंग फॉल्स करा. पण मोबाइल अ‍ॅपवाल्याला आधी सांगा, त्याचा पार्सर स्ट्रिंग धरून बसलेला असेल.