इंग्रजीचे काळ कसे अंगवळणी पडले? खान्देशकरांचे अनुभव

शाळा सुटून वर्षे लोटली, तरी इंग्रजीच्या बारा काळांचा तक्ता पुष्कळांना तोंडपाठ असतो. पण 'मी काल धुळ्याला गेलो होतो' एवढे साधे वाक्य इंग्रजीत सांगायची वेळ आली की तोच माणूस अडखळतो. आपण मराठीत 'गेलो होतो' असे सहज म्हणतो, त्यामुळे तोंडून 'आय हॅड गॉन' निघते. इंग्रजीत येथे 'आय वेन्ट' पुरते, कारण 'हॅड गॉन' हे रूप भूतकाळातल्याच दुसऱ्या एखाद्या घटनेच्या आधी घडून गेलेल्या गोष्टीसाठी लागते. हे तक्ता पाठ करून कळत नाही, असे माझे ठाम मत आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या मंडळींना हे भेद कशामुळे उमगले आणि कोणता सराव खरोखर कामी आला, ते त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती. नियम पुस्तकात मिळतात. येथे अनुभव हवे आहेत.

साक्री तालुका, माध्यमिक शिक्षक

माझ्या वर्गातील बहुतेक मुले घरी अहिराणी बोलतात आणि काळ शिकवताना मला सर्वांत मोठा आधार तिचाच झाला आहे. प्रमाण मराठीत 'काय करतोस?' हा प्रश्न आपण आत्ताच्या कामाबद्दलही विचारतो आणि रोजच्या उद्योगाबद्दलही, त्यामुळे मराठीवरून इंग्रजीकडे जाणारे मूल साधा वर्तमानकाळ आणि चालू वर्तमानकाळ यांत गोंधळते. अहिराणीत हा भेद बोलण्यातच मुरलेला आहे. 'मना बाप वावरमा काम करस' म्हणजे बाप रोज शेतात राबतो. 'मना बाप वावरमा काम करी ऱ्हायना' म्हणजे या घटकेला त्याचे काम चालू आहे. ही दोन वाक्ये फळ्यावर लिहून त्यांच्याखाली मी 'वर्क्स' आणि 'इज वर्किंग' लिहितो. त्यानंतर 'मनी माय भाकरी करी ऱ्हायनी' याचे इंग्रजी मुले मला न विचारता करतात. अर्थात अहिराणी सगळीकडे साथ देत नाही. 'नो', 'बिलाँग', 'अंडरस्टँड' यांसारखी स्थिती सांगणारी क्रियापदे इंग्रजीत सहसा चालू काळात येत नाहीत, म्हणून 'आय ॲम नोइंग' चालत नाही. हे वेगळे बसवून घ्यावे लागते. तरीही वर्गात अहिराणीचा शब्द उच्चारू नये असा जो दंडक ठिकठिकाणी पाळला जातो, तो मला मुलांच्या हातातले चालते साधन काढून घेण्यासारखा वाटतो.

भुसावळ, बँक कर्मचारी

आमचे बालपण रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये गेले. स्थानकावरच्या उद्घोषणा मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत लागोपाठ होतात, त्यामुळे एकच मजकूर तीन रूपांत कानावर पडत असे. 'इज अराइव्हिंग शॉर्टली' असे ऐकू येई तेव्हा गाडी अजून फलाटाला लागलेली नसे. म्हणजे 'आयएनजी' लावलेले रूप चालू असलेल्या क्रियेसाठी जसे वापरतात, तसेच लवकरच होणाऱ्या, आधी ठरलेल्या गोष्टीसाठीही वापरतात, हे व्याकरणाच्या तासाला कळण्याआधी कानाला कळले होते. वेळापत्रकाबद्दल बोलताना मात्र 'द ट्रेन लीव्ज ॲट सिक्स' असा साधा वर्तमानकाळ येतो, मग ती गाडी उद्याची असली तरी चालते. पुढे स्पर्धा परीक्षेच्या तयारीत या दोन वाक्यांतील फरक विचारणारे प्रश्न आले, तेव्हा पाठांतराची गरजच पडली नाही. 'आलोच हं' हे आपले जागेवरून न हलता म्हटलेले वाक्य मी याच्याच शेजारी ठेवते. मराठीत तेथे भूतकाळाचे रूप आहे, इंग्रजीत 'आय ॲम कमिंग' आहे. 'आय केम' म्हटले तर ऐकणारा आपल्याला दारात शोधेल.

रावेर, केळी निर्यातीच्या पॅकहाउसमधील कामकाज पाहणारा

आखाती देशांतील खरेदीदारांना रोज माल कुठवर आला ते कळवावे लागते, आणि तेथे काळ चुकला तर व्यवहाराचा खोळंबा होतो. आमच्याकडे नव्याने आलेली मुले हमखास 'वी हॅव लोडेड द कंटेनर यस्टरडे' असे लिहितात. 'हॅव लोडेड' या रूपाचा संबंध आत्ताशी असतो. काम झाले आहे आणि त्याचा परिणाम समोर आहे, एवढेच ते सांगते. 'काल', 'सोमवारी', 'रात्री दहाला' अशी संपलेली वेळ आली की साधा भूतकाळच घ्यावा लागतो. म्हणून संदेशात आम्ही दोन वेगळी वाक्ये लिहितो: 'वी हॅव लोडेड द कंटेनर', आणि पुढे 'इट लेफ्ट ॲट टेन लास्ट नाइट'. पहिल्या वाक्याने समोरच्याची काळजी मिटते, दुसऱ्याने त्याचा हिशेब बसतो. कंटेनरचे तापमान १३ ते १४ अंशांच्या आसपास राखले जाते. 'वी आर कीपिंग' लिहिले तर ते सध्यापुरते असल्यासारखे वाचले जाते आणि 'वी कीप' लिहिले तर ती आमची नेहमीची पद्धत ठरते, म्हणून माल वाटेत असताना काय लिहायचे आणि आमची ओळख करून देताना काय लिहायचे, हेही मी मुलांना समजावून सांगतो. दिवसाच्या शेवटी प्रत्येकाने तीन वाक्ये लिहायची, असा नेम आहे: काय कापले, काय भरून तयार आहे, उद्या काय निघेल. एका हंगामात हात बसतो.

धडगाव परिसर, आश्रमशाळेतील शिक्षिका

येथील मुले घरी पावरी किंवा भिली बोलतात, मराठी शाळेत येऊन शिकतात. त्यामुळे इंग्रजी मराठीतून समजावणे म्हणजे एका अडचणीत दुसरी घालणे होय. मी खोलीचे दार वापरते. उघडता उघडता 'आय ॲम ओपनिंग द डोअर' म्हणायचे. दार उघडे ठेवून 'आय हॅव ओपन्ड द डोअर' म्हणायचे. दार पुन्हा लावून, जागेवर बसून, 'आय ओपन्ड द डोअर' म्हणायचे. तिसऱ्या वाक्यानंतर मुले बंद दाराकडे पाहतात आणि फरक त्यांच्या ध्यानात येतो.

(ताई, ही युक्ती मी मोठ्यांच्या वर्गातही वापरून पाहणार आहे. — धागाकर्ता)

अमळनेर, गृहिणी

आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून होते; राज्यात २००० साली ते पहिलीपासून सुरू झाले. मुलीचा अभ्यास घेताना मी पुन्हा शिकायला बसले. 'लग्न झाल्यापासून मी अमळनेरला राहते' यात आपल्याकडे वर्तमानकाळ आहे, इंग्रजीत 'हॅव बीन लिव्हिंग' लागते, आणि लग्न ही सुरुवात सांगायची असल्यामुळे 'सिन्स' येतो. किती वर्षे ते सांगायचे असते तर 'फॉर' आला असता. याहून अवघड मला 'पाऊस आला की पेरू' हे वाक्य गेले. मराठीत 'आला' हा भूतकाळ, अर्थ भविष्याचा, आणि इंग्रजीत 'व्हेन इट रेन्स, वी विल सो' असा वर्तमानकाळ. 'व्हेन इट विल रेन' कानाला बरोबर वाटते, पण ते चालत नाही. आता रात्री मी वहीत घरातल्याच गोष्टींची चार-पाच वाक्ये लिहिते आणि मुलगी त्यांतली फक्त क्रियापदे पेन्सिलीने तपासते. स्पेलिंग, उपपदे यांना ती हात लावत नाही, कारण सगळेच एकदम सुधारायला घेतले की काळ मागे पडतात.