मदत हवी आहे: आईने गोळी कव्हरसकट गिळली, एक्सरे क्लिअर, तरी दुखतंय

ओवी_के: आईने काल रात्री गोळी कव्हरसकट गिळली. सकाळी एक्सरे काढला तो क्लिअर आहे, तिथले डॉक्टर म्हणाले शौचातून पडून जाईल, वाट बघा. पण गिळताना टोचतंय म्हणून ती काही खातच नाहीये. एक्सरे क्लिअर तर मग दुखतंय कशाने?? कुणाला अनुभव असेल तर लवकर सांगा, आणि गूगल करा म्हणू नका, ते करून झालंय.

रिकामटेकडा: कॅप्सूलचं कव्हर गिळायचंच असतं की, विरघळतं ते.

ओवी_के: अहो कॅप्सूल नाही, पाकिटाचं कव्हर.

मृण्मयी: म्हणजे आख्खी स्ट्रिप? वय काय त्यांचं? आणि दुखतंय कुठे, गळ्यात की छातीत?

ओवी_के: आख्खी कशी गिळेल! रोजच्या गोळ्या कात्रीने एकेक कापून डबीत ठेवतो, त्यातली एक अंधारात तशीच घेतली. वय ७६. आधी गळ्यात म्हणत होती, आता छातीच्या मधोमध.

भाऊसाहेब७: एवढं घाबरायचं नसतं. कोरडा मोठा घास न चावता गिळायला लावा, खाली ढकलला जातो. आमच्या काकांचा काटा असाच गेला. रात्री जुलाबाचं औषध द्या, सकाळी मोकळं.

सुट्टीवरचा_सर्जन: भाऊसाहेब, हे अजिबात नको. कात्रीने कापलेल्या तुकड्याला चार टोकदार कोपरे असतात, अन्ननलिकेत मुळातच तीन अरुंद जागा आहेत, तिथे तो आडवा बसला आणि वरून तुम्ही घास रेटलात तर कोपरा सरळ भिंतीत. भोक पडलं की लाळ आणि जंतू छातीच्या पोकळीत जातात, ते जिवावर बेततं. शिवाय दुर्बीण (एंडोस्कोपी) घालायची तर पोट रिकामं हवं.
ओवीताई, प्लास्टिक आणि पातळ फॉइल एक्सरेत बहुतेक दिसतच नाही, त्यामुळे क्लिअर म्हणजे तिथे काही नाही असं नव्हे. सीटीत दिसायची शक्यता जास्त. थुंकी गिळता येतेय का? ताप? मानेवर दाबल्यावर कुरकुर लागते का? रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का?

शीतल_मॉम: मध द्या!! १० मिली दर १० मिनिटांनी, मी वाचलंय.

मृण्मयी: ते बटण सेल, म्हणजे घड्याळातली चपटी गोल बॅटरी, गिळली तर आहे गं. सेलमधून करंट वाहतो आणि तिथे अल्कली तयार होऊन २ तासांतसुद्धा अन्ननलिका भाजू शकते, म्हणून दवाखान्यात जाईपर्यंत मध, तोही वर्षाच्या आतल्या बाळाला नाही. इथे सेल कुठे आलाय?

शीतल_मॉम: माहिती दिली तर एवढं अंगावर यायची गरज नाही. कुणाला तरी उपयोग होईल.

निवांत_नाना: बेरियम पाजून फोटो काढा, लगेच कळतं. आमच्या वेळी तेच करायचे.

सुट्टीवरचा_सर्जन: नाना, बेरियम आत चिकटलं की दुर्बिणीतून काही दिसत नाही, आणि भोक असेल तर ते बाहेर सांडतं. नको.

ओवी_के: थुंकी गिळते पण तोंड वाकडं करून. ताप नाही. रक्त पातळ करायची गोळी आहे, हार्टची, ती रोजचीच आहे म्हणून लिहिलं नाही. मग उद्या सकाळी ओपीडीत नेऊ का?

सुट्टीवरचा_सर्जन: उद्या नाही, आत्ता. जिथे रात्री दुर्बीण होते तिथल्या कॅज्युअल्टीत. टोकदार वस्तू अन्ननलिकेत असेल तर जमल्यास २ तासांत, फार तर ६ तासांत काढावी अशी युरोपातल्या एंडोस्कोपीवाल्यांची शिफारस आहे, तुमची ती वेळ आधीच टळलीय. तोंडाने काही देऊ नका. तशाच स्ट्रिपचा दुसरा तुकडा कापून सोबत न्या, आणि रक्त पातळ करायच्या गोळीचं पहिल्या वाक्यात सांगा.

रिकामटेकडा: शेव्हलिअर जॅक्सन नावाचे एक डॉक्टर होते, त्यांनी लोकांच्या घशातून, छातीतून काढलेल्या २,३७४ वस्तू फिलाडेल्फियाच्या म्यूटर म्युझियममध्ये ठेवल्यात. पिना, नाणी, बटणं, काय वाट्टेल ते.

मृण्मयी: राजा, इथे लोक टेन्शनमध्ये आहेत.

भाऊसाहेब७: बहुतेक गोष्टी आपोआप जातात हे डॉक्टरही नाकारणार नाहीत. उगाच दुर्बिणी घालायच्या.

सुट्टीवरचा_सर्जन: जातात, दहातल्या आठ-नऊ. पण त्यात गुळगुळीत नाणी-मणीही आले. टोकदार वस्तू, सेल आणि एकापेक्षा जास्त लोहचुंबक यांना तो हिशोब लावू नका. चुंबक तर आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून एकमेकांना चिकटतात आणि मधली भिंत सडते.

ओवी_के: निघाला. गोळीसकट, कव्हर जसंच्या तसं. सीटीत अन्ननलिकेच्या बाहेर हवा नव्हती, म्हणजे भोक नव्हतं, म्हणून लगेच दुर्बीण घातली, टोकाला पारदर्शक टोपी लावून, म्हणजे काढताना कोपरे घासू नयेत. जखम आहे पण आरपार नाही. दोन दिवस ठेवणार आहेत. रक्त पातळ करायची गोळी कधी सुरू करायची ते हार्टचे डॉक्टर ठरवतील. कात्री फेकून दिली. थँक्स सगळ्यांना, सर्जनसाहेब विशेष.

भाऊसाहेब७: उत्तम. पण काकांचा गेला होता.

गोगलगाय: धागा वर आलाच आहे तर विचारते, भाच्याने नाणं गिळलंय, हसतोय खेळतोय, इथेच लिहू की नवीन धागा काढू?

सुट्टीवरचा_सर्जन: धागा राहू दे, आधी एक्सरे. नाणंच गिळताना कुणी बघितलंय का? गोलाच्या आत दुसरी कड दिसली तर तो सेल असू शकतो.

शीतल_मॉम: आता द्या मध.