पॉर्न, जाहिराती आणि माणसाची वस्तू होणे : परिणाम नेमका कोणावर?

जिज्ञासू : इंटरनेटवरील पॉर्नचा विषय निघाला की चर्चा पाहणाऱ्याभोवतीच फिरते : त्याला व्यसन लागते का, तो हिंसक होतो का. जाहिरातींतही स्त्रीचे शरीर मालाच्या शेजारी मांडलेले असते, पण तिथे आपण ‘चालायचंच’ म्हणून पान उलटतो. या दोहोंचा समाजावरील परिणाम एकाच जातीचा आहे का, आणि त्याबद्दल खात्रीने काय सांगता येते?

अनुराधा : मूळ एकच आहे, असे मला वाटते. फ्रेडरिकसन आणि रॉबर्ट्स या मानसशास्त्रज्ञांनी 1997 मध्ये मांडलेला सिद्धान्त असा की, सतत न्याहाळली जाणारी स्त्री हळूहळू स्वतःकडेही बाहेरच्याच नजरेने पाहू लागते. पुढच्याच वर्षीच्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना बंद खोलीत आरशासमोर स्विमसूट किंवा स्वेटर घालायला लावून त्याच कपड्यांत गणिते सोडवायला दिली. स्विमसूटमधल्या मुलींना स्वेटरमधल्या मुलींपेक्षा कमी गुण मिळाले; मुलांमध्ये तशी घसरण दिसली नाही. खोलीत पाहणारे कोणीही नव्हते, हे मला सर्वांत बोलके वाटते. अर्थात, एका प्रयोगावर सगळी इमारत उभी करू नये.

तटस्थ : अनुराधाताईंचा शेवटचा इशारा पॉर्नला तर अधिकच लागू पडतो. पॉर्न पाहणे आणि स्त्रियांविषयीचे आक्रमक विचार यांचा संबंध काही अभ्यासांत आढळतो. परंतु पाहिल्यामुळे विचार बदलले, की तसे विचार असणारेच अधिक पाहतात, हे अशा अभ्यासांतून सहजी सुटत नाही. ‘व्यसन’ हा शब्दही जपून वापरावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या आजारांच्या वर्गीकरणात अनिवार लैंगिक वर्तनाचा विकार आहे, पण तो आवेग-नियंत्रणाच्या विकारांत मोडतो, व्यसनांत नाही. शिवाय निव्वळ नैतिक अपराधभावामुळे होणारा त्रास त्या निदानाला पुरेसा मानलेला नाही.

मीमांसक : दोघांचेही म्हणणे मान्य आहे, तरी पडद्यावरची व्यक्ती या चर्चेतून निसटतेच आहे. डिसेंबर 2020 मध्ये पॉर्नहब या पॉर्न व्हिडिओंच्या संकेतस्थळाने ओळख न पटवलेल्या खात्यांवरील लाखो व्हिडिओ एकदम हटवले, तेही व्हिसा आणि मास्टरकार्ड या कार्ड कंपन्यांनी तिथे आपल्या कार्डांनी पैसे भरणे बंद केल्यावर. म्हणजे तोवर कोणीही, कोणाचेही चित्रण तिथे चढवू शकत होते. डीपफेकमध्ये, म्हणजे संगणकाने रचलेल्या बनावट चित्रणात, तर कॅमेऱ्यासमोर कधीच न आलेल्या स्त्रीचा चेहरा वापरला जातो. इथे आधी काय, नंतर काय असा पेच नाही. हानी कोणाची झाली ते स्पष्ट दिसते.

जिज्ञासू : मग वयाची पडताळणी सक्तीची करण्याने काय साधेल?

मीमांसक : मुलांपुरते थोडेफार साधेल, पण ती तपासणी पाहणाऱ्याची झाली. चित्रणात दिसणाऱ्या प्रत्येकाची संमती व्हिडिओ चढवण्याआधी तपासण्याचे काम संकेतस्थळाचे असायला हवे. आज बहुधा पीडितेलाच आपला व्हिडिओ शोधून तक्रार करावी लागते, आणि एका जागेवरून तो काढला तरी त्याच्या प्रती दुसरीकडे फिरतच राहतात.