अनुभव धागा: बाइकची स्वस्त 'फ्युएल चिप' घ्यावी का?

इंजेक्शनच्या गाड्यांसाठीच्या 'पॉवर चिप'ची जाहिरात पुन्हा फिरतेय. पेट्रोलच्या नळीवर चुंबक लावायची लाट आली होती, तीच आठवली. चुंबकाने पेट्रोलवर काहीच फरक पडत नाही, तो विषय संपला. चिपच्या डबीत मात्र एक रेझिस्टर (विजेला अडवणारा छोटा भाग) असतो. हवेच्या तापमानाच्या सेन्सरला तो सिरीजमध्ये (एकामागे एक) जोडला की ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, हवा गार वाटते आणि तो पेट्रोल वाढवतो. कोणी मोजलंय का? लिहा.

मल्टिमीटर
हवा तापली की नेहमीच्या सेन्सरचा रेझिस्टन्स घटतो: २० अंशांना २.५ किलोओहम, ४० ला १.२ च्या आसपास. त्यात २ किलोओहम घातले की २० अंशांची हवा ६ ची भासते, ४० ची १४ ची. म्हणजे पेट्रोल आधी ५ टक्के जास्त, मग ९. जिथे इंजिन तापतं, ट्रॅफिकमध्ये, तिथेच चूक वाढते! एकच ठरावीक रेझिस्टर घालायचा धंदाच चुकीचा.

लॅम्डा
आणि गाडीला ऑक्सिजन सेन्सर असेल तर एकसारख्या वेगात ईसीयू ते पेट्रोल परत कापतो, मिश्रण १४.७ला (एक भाग पेट्रोलला वजनाने १४.७ भाग हवा) आणतो. फुल थ्रॉटलला तो सेन्सरचं ऐकत नाही, पण तिथे कंपनीने आधीच जास्त पेट्रोल ठेवलेलं असतं. मग उरलं काय?

घाईत
मायलेज वाढतं का एवढंच सांगा, कुकर लावलाय

लॅम्डा
नाही. पेट्रोल वाढवणारी वस्तू आहे ती. प्लग काळा पडतो, कॅटॅलिटिक (एक्झॉस्टचा धूर साफ करणारा भाग) तापतो.

जुना पाना
कार्ब्युरेटरवाल्यांना चिप लागतच नाही. नीडलची (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या सुईची) क्लिप एक खाच खाली केली की नीडल वर येते, पाव ते पाऊण थ्रॉटलला मिश्रण दाट होतं. फुकट, आणि उलटही फिरवता येतं. जेट (पेट्रोल जायचं बारीक भोक) बदलायचं ते त्यानंतर, प्लगचा रंग बघून: पांढरा म्हणजे पेट्रोल कमी, कोरडी काजळी म्हणजे जास्त, फिकट तपकिरी बरोबर.

रविवारची राइड
थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सर फटफटतो म्हणून लोक चिप घेतात. आधी एक्झॉस्टचं गॅस्केट बघा हो! तिथून हवा आत शिरली तरी हेच होतं.

मल्टिमीटर
+१. आणि वायर कापून टेप गुंडाळू नका. पाणी शिरलं, जोड गंजला की रेझिस्टन्स चढतो, इंजिनचा दिवा लागतो. मग सगळे सेन्सर बदलत बसतात.

खरंच मिश्रण बदलायचं असेल तर इंजेक्टरचा सिग्नल आरपीएम आणि थ्रॉटलनुसार बदलणारा पिगीबॅक (ईसीयूच्या जोडीला लावायची डबी) घ्या, तोही एअर-फ्युएल मीटर लावून.

घाईत
मग मायलेजला काय करू?

जुना पाना
एअर फिल्टर, टायरची हवा, ब्रेक घासतोय का, चेन.

घाईत
चेन किती सैल हवी?

जुना पाना
बऱ्याच गाड्यांना २५ ते ३० मिमी. चाक फिरवून सगळ्यात ताठ जागी मोजायचं.

रविवारची राइड
साइड स्टँडवर की मेन?

जुना पाना
मॅन्युअलमध्ये असेल तसं. आकडा त्याच स्थितीपुरता असतो.