पुसलेली फाइल परत उगवते तेव्हा: सिंकथिंग २ घ्यावं की नको?

गिरगाव_डीटीपी (धागाकर्ता)

दिवाळी अंक छपाईला गेले की आमच्या धंद्यात जरा उसंत मिळते. मशिनांची साफसफाई, अपडेट वगैरे सगळं तेव्हाच. ऐन हंगामात चालत्या गाड्याला खीळ कोण घालणार?

आमच्याकडे पानं लावायला मॅक, टायपिंगला विंडोज आणि माळ्यावर साठवणीसाठी एक जुना लिनक्स डबा आहे. तिन्हींवर एकच फोल्डर सारखं राहावं म्हणून सिंकथिंग वापरतो. मोफत आहे, मुक्तस्रोत आहे, आणि फायली कुणाच्या सर्व्हरवर जाऊन बसत नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याची २.० आवृत्ती आली. माझं मत असं, की छोट्या ऑफिसांनी ती घ्यावी, आणि वेगासाठी नव्हे. वेग काय, आमच्या खोलीत वायरने जोडलेल्या मशिनांना आधीही पुरत होता.

खरा बदल पुसलेल्या फायलींबाबत आहे. समजा टायपिस्टने ‘मनोगत’ची फाइल जुनी समजून उडवली, आणि तेवढ्यातच मॅकवर कुणी त्याच फाइलीत दुरुस्ती केली. आधीच्या आवृत्त्यांत दुरुस्ती जिंकायची आणि उडवलेली फाइल गुपचूप जागेवर परत यायची. टायपिस्ट म्हणणार, मी उडवली होती, भूत आलं का? आता पुसणंही जिंकू शकतं, पण तेव्हा दुरुस्त केलेली प्रत नाहीशी होत नाही. ती ‘सिंक-कॉन्फ्लिक्ट’ असं नाव लागून शेजारी उभी राहते. दोघांचं म्हणणं फोल्डरमध्ये डोळ्यांना दिसतं.

शिवाय आतला डेटाबेस, म्हणजे फायलींची नोंदवही, लेव्हलडीबी या प्रकारावरून एसक्यूलाइट या प्रकारावर नेलाय. पहिल्यांदा चालू करताना जुना डेटाबेस नव्यात ओतला जातो, फायली लाखाच्या घरात असतील तर बराच वेळ जातो. तेव्हा ‘हँग झालं’ म्हणून बटण दाबून बंद करू नका, एवढंच.

मतं येऊ द्या.

जुनाट_दादर

मुद्दा कळला, पटला नाही.

दुरुस्त केलेली फाइल जागेवर परत येत होती, ती आता नाव बदलून कोपऱ्यात बसणार, आणि ही म्हणे सुधारणा! छपाईच्या आदल्या रात्री कोण बघतंय कोपऱ्यात? पान लावणारा म्हणेल फाइल नाही, आणि जाहिरात टाकून मोकळा होईल.

दुसरं, तुम्ही लिहिलं नाहीत ते मी लिहितो. २.० मध्ये त्यांनी रोलिंग हॅश, म्हणजे सरकलेला मजकूर ओळखायची युक्ती, काढून टाकलाय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: फाइलीच्या सुरुवातीला चार ओळी घातल्या की पुढचा सगळा मजकूर चार ओळी सरकतो. साधा प्रोग्रॅम तुकड्याला तुकडा ताडून बघतो आणि म्हणतो, सगळंच बदललं, सगळंच पाठवा. ट्रिजेल आणि मॅकेरस यांनी १९९६ मध्ये आरसिंक हे फायलींच्या प्रती करणारं साधन आणलं ते नेमकं याच्यावर तोड म्हणून. सरकलेला तुकडाही ओळखायचा आणि नवं तेवढंच पाठवायचं. जे तेव्हा जमलं ते २०२५ मध्ये काढायचं?

आणि मूळ दुखणं वेगळंच आहे. दोन्ही दिशांनी चालणारं सिंक म्हणजे एकाची चूक सगळ्यांच्या घरी पोचवायची सोय. रात्री एकदा आरसिंक, एकाच दिशेने, डिलीटचा पर्याय न लावता. झोप छान लागते.

गिरगाव_डीटीपी

दादरकर, रोलिंग हॅशबद्दल बनवणाऱ्यांनी स्वतःच सांगितलंय की त्याचा प्रत्यक्षात जवळजवळ कधीच उपयोग झाला नाही, आणि तो काढल्याने स्कॅनिंग हलकं झालं. आमच्या फायली बघा ना. वर्डची डॉक्सएक्स म्हणजे आत झिप असते. पीडीएफ आणि जेपेग आधीच आवळलेल्या. झिपमध्ये एक वाक्य बदललं तर त्यापुढचे बाइट पार वेगळेच होतात, सरकलेला तुकडा सापडणार कुठून? साध्या टेक्स्ट फायलींना आरसिंकची युक्ती उत्तम, पण त्या असतातच केवढ्या!

आणि आरसिंक जुनं म्हणून निर्धास्त, असंही समजू नका. १४ जानेवारी २०२५ ला, ऐन संक्रांतीला, सहा सुरक्षा-भोकं जाहीर झाली आणि त्याच दिवशी ३.४.० आली. त्यातलं एक तर सर्व्हर चालवणाऱ्यांसाठी चांगलंच गंभीर होतं. तुमच्या रात्रीच्या झोपेमागे कोणती आवृत्ती आहे, बघितलंत?

एकाच दिशेचं म्हणाल तर दुपारी टायपिंगवरून आलेला मजकूर मॅकवर रात्रीपर्यंत थांबणार? मग काय पेन ड्राइव्ह घेऊन फिरायचं?

बोरिवलीची_सीए

दोघांचं वाचून करमणूक झाली. माळ्यावरचा डबा सांभाळायला मला वेळ नाही हो. क्लाउडला महिन्याला पैसे देते आणि विषय संपतो. माझ्या लॅपटॉपमध्ये २५६ जीबी, अशिलांची कागदपत्रं त्याच्या कितीतरी पट. वनड्राइव्हमध्ये २०१७ पासून ‘फाइल्स ऑन-डिमांड’ आहे: नावं सगळी दिसतात, उघडली की तेवढीच फाइल खाली येते. छोट्या लॅपटॉपवाल्यांसाठी याहून मोठी सुधारणा दाखवा.

आणि गिरगावकर, तुमची तिन्ही मशिनं एकाच खोलीत ना? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आमच्या पट्ट्यात तळमजल्यावरची किती कपाटं, किती कॉम्प्युटर गेले ते बघितलंय. तुमचा माळा वाचेलही. पण आग? चोरी? तिन्ही प्रती एकाच पत्त्यावर असतील तर सिंक उत्तम चाललंय या समाधानाचा उपयोग काय?

जुनाट_दादर

ताई, पत्त्याच्या मुद्द्याला +१. पण नाव दिसणं म्हणजे फाइल असणं नव्हे. विरार लोकलमध्ये नेटवर्क गेलं की तुमच्या ऑन-डिमांडचा नुसता ढगाचा आयकॉन उरतो.

क्लाउडवाल्यांच्या अपडेटचं कौतुकही जपून करा. नोव्हेंबर २०२३ मध्ये गूगल ड्राइव्हच्या डेस्कटॉप आवृत्ती ८४ मध्ये काहींच्या अजून वर न गेलेल्या फायली दिसेनाशा झाल्या. नंतर परत मिळवायचं साधन द्यावं लागलं. ड्रॉपबॉक्सने २०१९ मध्ये फुकट खात्याला तीन उपकरणांची मर्यादा घातली. घर त्यांचं, नियमही त्यांचेच.

बोरिवलीची_सीए

विरार लोकलमध्ये लॅपटॉप उघडायला जागा मिळाली तर आधी फोटो टाकेन इथे! हव्या त्या फोल्डरवर ‘कायम याच उपकरणावर ठेवा’ म्हणता येतं. ते करून ठेवायचं, झालं.

ठाण्याचा_मुद्रितशोधक

एक बारीक पण मराठीवाल्यांना नडणारी गोष्ट कुणी काढली नाही, म्हणून लिहितो.

‘कऱ्हाड’, ‘वऱ्हाड’, ‘गोऱ्हे’ अशा नावांच्या फायली दोन-दोन दिसतात का कुणाला? युनिकोडमध्ये (कॉम्प्युटरवर अक्षरं साठवायच्या सर्वमान्य संकेतात) ऱ दोन तऱ्हांनी साठवता येतो: एक अखंड अक्षर म्हणून, किंवा र आणि त्याखाली नुक्ता म्हणून. पडद्यावर फरक शून्य. मॅकची जुनी एचएफएस प्लस पद्धत नाव साठवताना ते फोडूनच ठेवायची. लिनक्सला दोन्ही नावं वेगळी वाटतात. त्यामुळे जुन्या मॅक डिस्कवरून आलेलं ‘वऱ्हाडी लेख’ आणि विंडोजवर टाइप केलेलं ‘वऱ्हाडी लेख’ एकाच फोल्डरमध्ये शेजारी-शेजारी नांदतात, आणि दुरुस्ती नेमकी चुकीच्या प्रतीत होते.

लांबीचंही तसंच. लिनक्सवर फाइलीचं नाव २५५ बाइटचं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं आणि काना-मात्रा-वेलांट्या वेगळ्या मोजल्या जातात, म्हणजे ८५ चिन्हांत गाडी थांबली. विंडोजवर हीच मर्यादा २५५ चिन्हांची. ‘संपादकीय दुसरी दुरुस्ती लेखकाने बघितलेली अंतिम यानंतर बदल नाही’ अशी नावं देणारे महाभाग प्रत्येक संपादक मंडळात असतात, त्यात भर म्हणून लेखाचं शीर्षकही जोडतात. विंडोजवर राजरोस चालतं, डब्यावर पोचतच नाही.

गिरगाव_डीटीपी

मुद्रितशोधक, दंडवत! ऱ चं दुखणं सिंकथिंग आपोआप सांभाळतं, नाव एका रूपात आणायची सोय मुळातच चालू असते. ती बंद करू नका.

जुनाट_दादर

आरसिंकमध्येही ‘आयकॉन्व्ह’ पर्याय आहे त्यासाठी. (हाताने लावावा लागतो, मान्य.)

लालबाग_ते_कणकवली

२.० बद्दलच एक शंका. पुसलेल्या फायलींची नोंद आता डेटाबेसमध्ये कायम ठेवत नाहीत, ठरावीक महिन्यांनी विसरतात म्हणे. आमच्या गावच्या घरी एक लॅपटॉप आहे. गणपतीला उघडतो, आणि एखाद्या वर्षी रजा नाही मिळाली तर तेव्हाही नाही. त्याच्यावर फायली तशाच पडलेल्या, इकडे त्या पुसल्याची आठवण गेलेली. मग दोन वर्षांनी जोडला की सगळा कचरा परत मुंबईला?

जुनाट_दादर

हेच! हेच म्हणत होतो. भूत आता कोकणातून येणार. (हलके घ्या.)

गिरगाव_डीटीपी

शंका रास्त आहे आणि उत्तर ‘हो, येऊ शकतो’ असंच आहे. ही मुदत वाढवता येते, सुरू करताना पर्याय द्यावा लागतो. पण इतका वेळ बंद राहणारं मशिन सिंकमध्ये ठेवूच नये. गावच्या लॅपटॉपला फोल्डर काढून टाका, उघडाल तेव्हा रिकाम्यात नव्याने जोडा. कोकणातल्या नेटवर वेळ लागेल, तोवर मोदक खा.

सीए ताईंचा एका पत्त्याचा मुद्दा मला खोडता येत नाही. माझ्या भावाकडे डोंबिवलीला चौथं मशिन बसवतोय, तिथे एकाच दिशेने, आणि पुसलेल्या-बदललेल्या फायलींच्या जुन्या प्रती राखायची सोय चालू करून. हे काम आरसिंकनेही होईल, दादरकर, पण ते मी सिंकथिंगनेच करणार. क्लाउडला मात्र माझा नकार कायम: लेखकांची अप्रकाशित हस्तलिखितं आहेत, ती कुठल्या कंपनीच्या घरात ठेवू का असं मी त्यांना विचारलेलं नाही.

जुनाट_दादर

एकाच दिशेने म्हणालात ना? पुरे. आवृत्ती बघितली, ३.२ निघाली. आज रात्री बदलतो.