प्रवासी विमानाला एक इंजिन पुरे आहे का?

आकाशवेडा:
भाडे घेऊन उडणाऱ्या नऊ-दहा आसनी विमानालाही दोन इंजिने सक्तीची असावीत, असे माझे मत आहे. ११ डिसेंबर २०१३ रोजी हवाई बेटांतील कलाउपापाहून होनोलुलूकडे निघालेल्या सेसना कॅराव्हॅनच्या टर्बाइनची पाती तुटली आणि तिचे एकुलते एक इंजिन मोठा आवाज होऊन बंद पडले. वैमानिकाने विमान समुद्रावर उतरवले. नऊही जण बाहेर पडले, तरी एका महिलेचा मृत्यू झाला.

काठावरचा:
आपले उदाहरण आपल्याच विरुद्ध साक्ष देते, कारण आठ जण वाचले. ४ फेब्रुवारी २०१५ रोजी तैपेईच्या सोंगशान विमानतळावरून निघालेल्या एटीआर ७२ ला दोन इंजिने होती. स्वयंचलित यंत्रणेतील सदोष जोडणीमुळे उजव्या इंजिनाचा पंखा आपोआप निष्प्रभ झाला, आणि गोंधळलेल्या कॅप्टनने डाव्या, धडधाकट इंजिनाची शक्ती कमी करून तेच बंद केले. चूक लक्षात आली तेव्हा ते पुन्हा सुरू करण्याइतकी उंची उरली नव्हती. ५८ पैकी ४३ जण दगावले.

आकाशवेडा:
चुकीचा दिवा मालवला म्हणून घरात एकच दिवा ठेवा, असे कोणी म्हणत नाही. त्या कॅप्टनच्या बढतीच्या चाचण्यांतही इंजिन बंद पडल्यावरच्या कृतींबाबत त्रुटी नोंदवल्या गेल्या होत्या. दोष प्रशिक्षणाचा आहे. शिवाय एटीआर काही छोटे विमान नव्हे.

काठावरचा:
छोट्या विमानात तर स्थिती अधिकच बिकट होते. एक इंजिन गेले की शक्ती निम्मी होते, पण वर चढण्याची क्षमता निम्म्याहून कितीतरी अधिक घटते. त्यातच उरलेले इंजिन विमानाला एका बाजूला खेचत असते, आणि वेग ठरावीक मर्यादेखाली गेला की रडर (शेपटीवरचे दिशा बदलणारे सुकाणू) पुरता दाबूनही विमान सावरत नाही. एक इंजिनाचे विमान मात्र इंजिन बंद पडले तरी हवेवर तरंगत सरळ खाली येते. त्याचा हवेत टिकून राहण्याचा किमान वेग ६१ नॉटपेक्षा, म्हणजे ताशी सुमारे ११३ किलोमीटरपेक्षा, अधिक नसावा हा जुना दंडक ते असे संथपणे उतरवता यावे याचसाठी आहे. युरोपने २०१७ मध्ये एक इंजिनाच्या टर्बाइन विमानांना रात्रीच्या प्रवासी वाहतुकीची मुभा दिली, तीही दहा लाख उड्डाणतासांमागे इंजिन बंद पडण्याचे प्रमाण १० पेक्षा कमी ठेवण्याच्या अटीवर.

आकाशवेडा:
प्रमाण मान्य आहे, परंतु संथ विमानालाही उतरायला जागा लागते. कलाउपापाच्या एका अंगाला उंच कडे आहेत, उरलेल्या तिन्ही अंगांना समुद्र. निदान अशा मार्गांपुरती तरी दोन इंजिनांची अट असावी, हे म्हणणे मी मागे घेत नाही.