रूपांतर, माध्यमांतर की 'बेतलेला'?

जॅक केरुअक यांच्या 'ऑन द रोड' (१९५७) या कादंबरीवरच्या सिनेमाबद्दल लिहितेय. वॉल्टर सॅलेस यांचा, २०१२चा. 'रूपांतर' लिहिलं आणि खोडलं. 'माध्यमांतर' परिपत्रकातलं वाटतं, 'आधारित' जाहिरातीतलं. कोणता शब्द घ्यावा? आणि या शब्दांतलं 'अंतर' मैलांतलं तर नाही ना? सिनेमात सारखी गाडी पळतेय, म्हणून विचारलं!

*

मैलांतलं नाही. समासाच्या शेवटी 'अंतर' म्हणजे 'दुसरा'. देशांतर म्हणजे दुसरा देश, भाषांतर म्हणजे दुसरी भाषा. सुटा वापरला की तो फरक किंवा लांबी.
'रूपांतर' मी टाळेन. आपल्या नाटकवाल्यांनी त्या शब्दाला एक सवय लावून ठेवली आहे: परकं नाटक घ्यायचं, माणसं आणि गावं आपली करायची. इथे न्यूयॉर्क, डेन्व्हर, मेक्सिको जिथल्या तिथे आहेत. 'माध्यमांतर' चूक नाही, पण माध्यम बदललं यापलीकडे तो काहीच सांगत नाही.

*

'अंतर देणे' विसरलात. पुस्तकावर जीव असलेले काही जण म्हणतील की सिनेमाने कादंबरीला अंतरच दिलं.

*

माझं मत 'बेतलेला'ला. शिंप्याचा शब्द आहे आणि इथे चपखल बसतो. केरुअक यांनी १९५१च्या एप्रिलमध्ये तीन आठवड्यांत जो खर्डा टाइप केला, तो कागद एकमेकांना चिकटवून केलेल्या सुमारे १२० फुटी गुंडाळीवर. मध्ये एकही परिच्छेद नाही. हा अख्खा तागाच की! कात्री लावल्याशिवाय त्याचा सिनेमा होणार कसा?

*

तागा झकास, पण व्याकरण उलटं पडतंय. शिंपी *कापड* बेततो, *मापावर* बेततो. 'कादंबरीवर बेतलेला सिनेमा' म्हटलं की कादंबरी हे माप झालं आणि सिनेमा हे कापड. तुमच्या उपमेत कादंबरी कापड आहे.

*

खरंय, सपशेल मान्य. पण मग वाक्य फिरवा, उपमा नको. कारण खुद्द लेखकाच्या मनात कात्री होती. १९५७मध्ये त्यांनी नट मार्लन ब्रँडो यांना पत्र लिहून सिनेमाचे हक्क विकत घ्यायला सुचवलं. कादंबरीत देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बऱ्याच फेऱ्या आहेत, त्या सगळ्यांची मिळून एकच सफर करू, असं त्यात होतं. याला बेतणं नाही तर काय म्हणायचं? ते जमलं नाही. १९७९मध्ये हक्क दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कपोला यांच्याकडे गेले आणि सिनेमा आला त्यानंतर तेहतीस वर्षांनी. कान महोत्सवात दाखवल्यावर त्यातलीही काही मिनिटं कापली.
एक मात्र बेतता येत नाही. पुस्तकातला वेग वाक्यांत आहे, श्वास न घेता धावणाऱ्या. पडद्यावर धावते ती गाडी, आणि धावती गाडी तर कुठल्याही सिनेमात असते.

*

(अवांतर: 'जिवावर बेतणे'मध्ये माप कोण घेतं?)

*

यम. पुढे चला.

*

मग असं लिहिते: 'केरुअक यांची कादंबरी दोन तासांच्या मापावर बेतून केलेला सिनेमा.' चालेल?

*

चालेल. मथळ्यात मावणार नाही, तिथे 'बेतलेला'च टाका. व्याकरणवाल्यांना मी बघून घेतो.